रिकाम्या टाकीचा तोल

माळावर रिमोटवर उडणाऱ्या छोट्या जेट विमानांच्या तपासणीची रांग लागली होती. आपलं विमान घेऊन उभ्या गेझिनाच्या पुढे एक म्हातारा आणि काळ्या कोटातली बाई लाल जेट धरून उभे होते.

“विब्के, टाकी रिकामी करून तोललंस ना?”

“थेंबही नाही तिच्यात. बघ, सरळ राहतं.”

“शक्यच नाही! तुझा नवरा एगर्ट हट्टी. टाकी भरून तोलायचा. टाकी पुढे, इंधन जळलं की शेपूट जड. उतरताना दरवेळी माझा जीव टांगणीला.”

“मग तूच तपास, ओनो. एकदा उडताना बघायचंय मला.”

“अगं, नाकात शिसं कुणी चिकटवलं?”

“मी नाही. एगर्ट वारल्यापासून हे तळघरात कुलपात होतं. आज सकाळी उघडलं.”

“वर पेन्सिलीनं तारीख आहे. ही त्याचीच सवय.”

“जुनी असेल.”

“कालची आहे.”

रांग सरकली. तपासनिसाने कागद पुढे ओढला.

“तोल कुणी साधलाय?”

“माझ्या नवऱ्यानं.”

“विब्के, मी नाही उडवणार हे.”

“वीस वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडलास. आता ऐकलं त्यानं, तर घाबरतोस होय?”