धुण्याचा दगड

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. वारा नाही, ऊन नाही. नदीवरनं धुकं आलं ते दिवेलागणीपर्यंत हललंच नाही. ऐका बरं, अशा दिवशी यमाजी घरातनं निघाला. अंधार पडल्यावर! डोक्यावर दगड घेऊन.

कसला दगड? सांगतो, दमानं घ्या.

नदीपलीकडं ते जुनं नगर आहे ना, पडक्या देवळांचं? कुण्या राजाची राजधानी होती म्हणतात. आता नुसत्या भिंती नि बाभळी. तिथनं यमाजीनं सतीची शिळा उचलून आणली होती. वर उभारलेला बाईचा हात, हातात बांगड्या, असा कोरीव दगड. परसात पालथा टाकला नि बायकोला म्हणाला, "घे, धुण्याला झाला." यशोदा त्यावर रोज धुणं आपटायची. एक दिवस तिचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. चिमटा काढला तरी कळेना!

गावातल्या देवळाचा गुरव म्हणाला, "ज्यानं आणली त्यानंच न्यायची. एका वेशीतनं शिरायचं, शिळा जागेवर उभी करायची, दुसऱ्या वेशीतनं निघायचं. मागं बघितलंस, तर बायकोचा हात गेला म्हणून समज."

तर यमाजी निघाला. शेजारची भागामावशी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "अरं, कंदील तरी ने!" पण थांबतोय कुठला!

नदी उतरून नगराची वेस ओलांडली. मागं बांगड्या वाजल्या. किण... किण...

"अहो, भाकरी राहिली की!"

हुबेहूब यशोदेचा आवाज! मान वळणारच होती, पण सावरली. यशोदा तर घरी अंथरुणावर.

पुढं दगड जड झाला. वर कुणी बसावं तसा! बसलं ते बसलं, वर त्याच्या छातीवर टाचा आपटायला लागलं. धुणं आपटावं तशा. धप! धप!

"लागतंय का हो?" वरनं हसणं आलं. "मला रोज लागायचं."

रडत, धापा टाकत त्यानं तिच्या जुन्या खड्ड्यात शिळा उभी केली. सगळं गप्प! तो दुसऱ्या वेशीकडं वळला, तोच मागनं पुन्हा हाक.

"अहो, थांबा! बोटं हलली माझी! बघा तरी!"

यमाजी मनात म्हणाला, आता नाही फसायचो.

"अहो, पाय धरलाय कुणीतरी... ओढतंय... अहो!"

यमाजीनं कानांत बोटं घातली नि पळाला. धोतर बाभळीला अडकून फाटलं, वेशीची कमान पाठीमागं धाडकन कोसळली, पण गडी बाहेर पडला. वाचला!

म्हणून सांगतो बाबांनो, अंधारात त्या नगराच्या वाटेला जाऊ नका. जीव वाचतो कधीकधी. पण तेवढ्यावर भागत नाही.

यमाजी घरापाशी आला, तर दार सताड उघडं. हसतच ओरडला, "मावशी, सुटलो! लई रडून हाका मारल्या सटवीनं, पण ढुंकून नाही बघितलं!"

भागामावशी ओट्यावरनं उठली. त्याच्या पाठीमागच्या अंधारात बघत राहिली.

"यमाजी, यशोदा कुठाय रं? डाव्या हातात कंदील घेऊन तुझ्याच मागं आली होती की."