खळ घातलेली मोटार

मी पवनीची, कोष्ट्याची पोर, अन् लगनात देल्ली आंधळगावच्या कोष्ट्याच्याच घरी, म्हंजे तिकडं मागाची खटखट अन् इकडंबी खटखट, दुसरं काई माहीतच नाई मले. काय सांगू तुमाले, आमच्या चुलीवर भाताच्या आंधी खळ शिजे. तांदुळाची पेज घट्ट आटवाची अन् सुताले पाजाची, म्हंजे सूत तुटत नाई. माये मामाजी, म्हंजे सासरे, नुसत्या वासावरून सांगत, खळ कच्ची हाय का बुडाले लागली.

मंग आनीबानीच्या आगंमागं हातमागाचं लुगडं कोनी घेईना, तर आमच्या ह्याइनं एका मालगुजाराची, म्हंजे जमीनदाराची, जुनी मोटार आनली, लगनाच्या वराती नेऊ म्हने. घ्या वराती. रस्त्यातली मोहाडी येत नाई तं तापे. रेडिएटर गळे, पानी टिकेना. मिस्त्री भंडाऱ्याले, तिथवर गाडी जाईन तवा ना, म्हून हे अंगनातच खोलून बसत. अन् एक दिवस काय केलं, कोष्ट्याच्याच डोक्यात येईन असं, माया चुलीवरची खळ घेतली अन् रेडिएटरात वतली. म्हनले, सुताले धरते तं पितळेले काहून नाई धरनार. अन् बुजलं ना भोक, थेंब गळेना. पन गाडी आंधीपेक्षा जास्त तापे. पट्टा कसला, पंखा पाह्यला, ओलं पोतं टाकलं. खळीवर शंकाच नाई, काहून का गळती तं थांबली होती. मी म्हनलं, आत काई अडकलं अशीन. तुले काय समजते, म्हने.

त्याच उन्हाळ्यात मामाजी भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. डाक्टरनं हात टेकले. मामाजी एकच धरून बसले, मले घरी ने बाबू, घरीच मरू दे. आमच्यात बाहेर जीव गेलेल्याले घरात नेत नाई, अंगनातूनच उचलते. त्याइले त्याचंच भेव.

ह्याइनं मोटार रातच्या गारव्यात, थांबत थांबत, भंडाऱ्याले आनली, तिच्यातच निघालो. मामाजींचं डोस्कं माया मांडीवर. वरठी गाव मागं गेलं अन् मोहाडीच्या अलीकडं गाडी वाफ सोडून थांबली. ह्याइनं टोपन काढलं तं पानी उसळलं, हात पोळला, अन् वास सुटला लागलेल्या खळीचा. तवा ह्याइले समजलं, खळीनंच आतल्या नळ्या बुजल्या. मडगारड धरून उभे राह्यले. मामाजींनं डोळे मिटूनच म्हनलं, सूनबाई, खळ लागून राह्यली, उतरव. मी म्हनलं, उतरवतो मामाजी. पोचलो ना घरी, म्हने. मी म्हनलं, पोचलो. पानी पाजाले गेलो तं ओठ हलेना.

बैलबंडीत आनलं. दारात चुलतसासऱ्यानं इचारलं, जीव कोठी गेला. हे खाली पाहून म्हनले, रस्त्यात. मी मोठ्यानं म्हनलं, नाई, घरी गेले ते, आत न्या. बाईचं कोन आयकते. अंगनातच ठेवलं.

मंग मोटार वढून घरी आनली, ह्याइनं गरम पान्यानं रेडिएटर धुतला, सारी खळ काढली, गाडी अंगनात लई वेळ चालू ठेवली. तापली नाई. बंद केली अन् पुना कधी तिच्यात बसले नाई, भंगारात गेली.

हेबी गेले आता, घरातच, खाटेवर, त्याइचं तेवढं बरं झालं. मामाजींचं मले अजून सलते, पन कोनाले सांगता. तुमी निघा आता, ऊन उतरलं, दूर जाचं हाय तुमाले. सुखानं आपल्या घरी पोचा, बापा.