बारा घरं पाचाची

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि शाळा व्यवस्थापन समितीचे प्रमुख माननीय काकासाहेब, व्यासपीठावर बसलेले सरपंच आणि केंद्रप्रमुख साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मुख्याध्यापक सोमेश्वर सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, सर्व शिक्षक, पालक, माता-भगिनी, आणि सतरंजीवरून हळूहळू पुढं सरकत आलेल्या माझ्या लेकरांनो, सर्वांना नमस्कार करते.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. मीच काकासाहेबांना म्हटलं, मला बोलायचंय. ते म्हणाले, "उषाबाई, दोन शब्द बोला." दोनाचे जास्त होतील, आधीच माफी मागते.

मला तुम्ही खिचडीवाली म्हणून ओळखता. अकरा वर्षं या शाळेची चूल माझ्याकडं आहे. शिक्षण सातवीपर्यंत झालं. पुढचं जे काही झालं ते कार्यालयातल्या पुस्तकांच्या हिरव्या कपाटातून, भांडी घासून झाल्यावर. त्या कपाटाची किल्ली सरांनी मला दिली.

सरांचे आभार मानायला उभी राहिले आहे. पण ते खरे मानायचे तर एक गोष्ट सांगावी लागते. ती ऐकल्यावर तुमच्यापैकी काही जण सोमवारपासून लेकरांना घरून डबा देतील, हे मला ठाऊक आहे. आठ दिवस विचार करून आले आहे.

माझे मालक राधाकिसन जाऊन चौदा वर्षं झाली. गावाला आम्ही कावीळ सांगितली. कावीळ नव्हती. एचआयव्ही होता. तो मलाही आहे.

मागं बोलणं चाललंय, चालू द्या. मी थांबते.

गोळ्या तेव्हाही सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. आम्ही लाजेपायी दोन वर्षं अंगारे लावत बसलो आणि उशिरा पोचलो. ते गेले, मी राहिले. कुठून लागलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता विचारायला माणूसच नाही.

चुलीचं काम मिळालं तेव्हा गोळ्या आणायला महिन्यातून एक दिवस सुट्टी लागणार होती. खोटं बोलून काम धरायचं नव्हतं, म्हणून सरांना कागद दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "उषाबाई, दीडशे लेकरांच्या खिचडीला मीठ किती टाकता?" मी सांगितलं. म्हणाले, "बराबर आहे. उद्यापासून या."

मी विचारलं, "सर, कुणी काही म्हटलं तर?"

"स्वयंपाकातून हे लागत नाही. ते विज्ञान शिकवायला मी पगार घेतो," म्हणाले.

अकरा वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. वहिनी, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, तुम्हालासुद्धा नाही.

काही वर्षांनी मी त्यांना म्हटलं, "सर, ज्यानं माझा माणूस नेला त्याचं तोंड मला बघायचंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी जाफराबादहून चार पानं छापून आणली. तेव्हापासून मी ते वाचते आहे. जेवढं समजलं तेवढं सांगते.

या विषाणूच्या पोटात एक डबी असते. एका बाजूला रुंद, दुसरीकडं निमुळती. तिच्या आत त्याचं सगळं बियाणं. केसाच्या जाडीत अशा सहा-सातशे डब्या शेजारीशेजारी मावतील. ही डबी एकाच जातीच्या तुकड्यांची बनते. हजार-पंधराशे तुकडे, सगळे एकसारखे. सहा सहा तुकडे हात धरून एक घर करतात, अशी अडीचशेच्या आसपास घरं. आणि मध्ये मध्ये पाच तुकड्यांची घरं. ती मात्र बाराच. अकरा नाहीत, तेरा नाहीत.

आधी हे तुकडे लांब साखळीत अडकलेले असतात, तेव्हा डबी नसते. मग एक कात्री येऊन साखळी तोडते, सुटे झालेले तुकडे एकमेकांना शोधतात आणि डबी उभी राहते. कुणी मुकादम नाही, कुणी आखून दिलेलं नाही. आमच्या घरावर चार पत्रे टाकायचे होते तर तीन दीर आणि एक मिस्त्री दिवसभर भांडत होते.

मी हे घरी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना सांगत होते. त्या बघा, तिथं दारापाशी बसल्यात. कडूबाई म्हणतात त्यांना, सगळे ओळखता. मी सांगताना हरखून गेले असेन. त्यांनी हातातली ज्वारी सुपात टाकली आणि म्हणाल्या, "ज्यानं माझं लेकरू नेलं त्याचं तू कवतिक करून राह्यली?"

मला लाज वाटली. महिनाभर मी कपाट उघडलं नाही.

सरांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "आपण ती डबी करू. आठवीच्या मुलींना घेऊन, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. करून बघितल्याशिवाय मलाही ती पुरती कळली नाही."

आता सरांची एक चूक सांगते. आज त्यांचा दिवस आहे, पण सुटका नाही. सरांनी हिशोब मांडला, सहाची घरं जास्त आहेत तर ती आधी चिकटवू. पाचाची बाराच आहेत, ती शेवटी कुठंही बसवू. आम्ही पुठ्ठ्याची दोनशे चाळीस घरं कापून जोडली. झालं काय? अंथरायला चांगली चटई झाली. वाकेचना. इकडून दाबलं की तिकडून उसवायची. सरांनी डिंक बदलला. मग दोरा आणला. मग डिंकवाल्याला शिव्या दिल्या.

तेवढ्यात सोनूबाई आल्या, बुरुडाच्या. माझ्या करडांचं डालगं मोडलं होतं, ते विणून आणलं होतं त्यांनी. डालगं सगळ्यांनी पाहिलंय, करडं आणि कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली, सहा बाजूंच्या भोकांची. सोनूबाई दारात उभ्या राहून आमचा तमाशा बघत होत्या.

"सर, काय करून राह्यले?"

"डबी करतोय."

"सगळी घरं सहाची घातल्यावर कशी व्हईल डबी? चटईच व्हती ती. वाकवायचं आसलं तिथं पाचाचं घर टाकावं लागतंय."

त्यांनी डालगं उपडं करून माथा दाखवला. इतकी वर्षं मी असल्या डालग्याखाली करडं झाकत होते, कधी मोजलं नव्हतं. सहाच्या भोकांमध्ये पाचाची सहा भोकं होती.

सर म्हणाले, "पण आम्हाला बारा सांगितलीत, आणि एक तोंड निमुळतं हवंय."

सोनूबाई हसल्या. "माझं डालगं खालून उघडं आसतंय, म्हून सहा. तुमचं खालून बी बंद करायचं आसलं तर दुप्पट लागतील न्हाई का? आन् एक त्वांड निमुळतं पायजे, तर मंग तिकडं पाच टाका आन् रुंद बाजूला सात. एवढं तर आमच्यातलं बारकं पोरगं बी सांगतंय."

सरांनी छापील पान उघडलं. रुंद तोंडाला सात, निमुळत्याला पाच, असंच लिहिलं होतं. सर खाली फरशीवर बसले. डालगं पुढं ओढून पाचाची भोकं मोजायला लागले.

मग डबी सोनूबाईंनीच विणली. ही टेबलावर ठेवलेली तीच. प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, "कृषी विभाग पलीकडे आहे." बक्षीस मिळालं नाही.

पण मी ती घरी नेऊन आत्याबाईंच्या पुढं ठेवली. त्यांनी पाचाच्या एकेका घरात बोट घालत मोजलं. बारा. म्हणाल्या, "आन् हे एक बी घर न्हाई बसलं बराबर, तर?"

मी म्हटलं, "तर डबी बंद होत नाही, आत्याबाई. माणूस वाचतो. आता या तुकड्यांच्या सांध्यात जाऊन बसणारं औषध निघालंय. वर्षातून दोनच सुया."

त्या म्हणाल्या, "मंग नीट बघ तिच्याकडं. माझ्या वाटचं बी बघ."

त्या दिवसापासून मी मोकळ्या मनानं वाचते. इतकं बारीक, इतकं नेमकं काही जगात आहे आणि ते कुणाचं वाईट व्हावं म्हणून बनलेलं नाही, फक्त बनलेलं आहे. हे पाहून माझं दुःख कमी झालं नाही. पण त्याच्या शेजारी बसायला दुसरं काहीतरी आलं. हेही सांगते, इतकी नेमकी डबी उकळत्या आधणात टिकत नाही. ताटातून, पाण्यातून, हातातून ती जात नाही. गोळी मी एक दिवस चुकवलेली नाही. गेली नऊ वर्षं माझ्या रक्तात तपासणीला हा विषाणू सापडत नाही.

आता आजच बोलायचं कारण. सोमवारी नवे मुख्याध्यापक येतील. गेल्या आठवड्यात सरांनी मला विचारलं, "त्यांना मी सांगू, की राहू देऊ?" तेव्हा लक्षात आलं, हा माणूस निवृत्त होतानासुद्धा माझं ओझं कुणाच्या हातात द्यावं या काळजीत आहे. सर, ते मी आज इथं सगळ्यांच्या समोर खाली ठेवलं. तुम्ही मोकळे होऊन घरी जा.

काकासाहेब, समितीला जो निर्णय घ्यायचा तो घ्या. माझी विनंती एवढीच, घेण्याआधी एकदा माझ्यासमोर बसा आणि काय विचारायचं ते विचारा. सरांनी विचारलं होतं तसं.

मला बोलू दिलंत, मध्ये कुणी उठून गेलं नाही, याबद्दल आभारी आहे. शिकलेली बाई नाही मी, आकडा-शब्द इकडंतिकडं झाला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपलं माणूस समजून सांभाळून घ्या.

आणखी एक. जेवण तयार आहे. वरण, बट्टी आणि वांग्याची भाजी. सकाळपासून मी एकटीनं केलंय, हे बसण्याआधी तुम्हाला कळायला पाहिजे होतं, म्हणून जेवणाच्या आधी बोलले. आत्याबाई पहिल्या पंगतीला बसणार आहेत. कोण बसेल, कोण नाही, मी बघत राहणार नाही. पत्रावळ मांडली की मी वाढायला येते.