आक्कांच्या तोंडाचा साबण

…न्हाय, पण मला एक सांगा, साबणाच्या वडीवर 'शुभेच्छुक' असतंय व्हय कधी? आं? साबणाचा काय वाढदिवस हाय? पण तुम्हाला सांगतो, कोडोलीत एका घरात हे घडलंय, आणि लेबल केवढं? काड्यापेटीएवढं!

साबण करणार कोण, तर थोरली सून, संयोगिता. खोबरेल, शेळीचं दूध, हळद… कॉस्टिक सोड्यानं हाताची सालटी निघाली पोरीची, वड्या महिनाभर वाळवायच्या आणि वर उंदरांपासनं राखण करायची. तिचं मागणं एकच, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात का होईना, 'संयोगिताच्या हातचा' एवढं असावं. माहेरी वडी पाठवीन, आई वाचंल, म्हणाली.

आता नवरा, अमरसिंह. ह्यो गडी लेबल करायला गेला कुणाकडं? सयाजीकडं! सयाजी म्हणजे चौकात वाढदिवसाची डिजिटल बोर्डं लावणारा, वीस फुटाच्या खाली त्याचा हातच चालत न्हाय. त्यानं पहिलं विचारलं, फोटो कुणाकुणाचं? झालं! आक्का, म्हणजे सासूबाई, बोरमाळ घालून हजर. मधोमध आक्का. आता आक्कांचा चेहरा… मी काय बोलत न्हाय, पण बघून माणूस आंघोळच सोडंल. वर कैलासवासी सासरे, प्रेरणास्थान म्हणून, ज्यांनी उभ्या जन्मात अंगाला साबण लावला न्हाय. खाली शुभेच्छुक धाकटा दीर, डोळ्याला गॉगल, कानाला मोबाईल… आणि लेबल केवढं? काड्यापेटीएवढं!

त्यात आक्का म्हणत्या, 'सात दिवसांत गोरी' असं लिवा. लिवलं की सयाजीनं, लालभडक! लायसनचं काम बघणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, असला दावा चालत न्हाय, काढा, आणि वजन, किंमत, तारीख, आत काय काय घातलंय ते सगळं आणि उत्पादकाचं नाव-पत्ता, एवढं पायजेच. उत्पादक कोण? अमरसिंह! का? तर घर त्याच्या नावावर, म्हणून लायसन त्याच्या नावावर. ज्याला खोबरेल कुठलं नि गोडेतेल कुठलं वळखू येत न्हाय, त्यो उत्पादक!

मग एवढं बसवायचं कुठं? आक्का कापायच्या? छे छे. दिराचा गॉगल? न्हाय जमायचं. संयोगिताची ओळ कापली. अमरसिंह म्हणाला, तुला कशाला पायजे नाव, घरातलंच हाय की सगळं. डोळं भरलं तिचं, पण भांड्यातलं ढवळणं काय थांबवलं न्हाय. थांबवून सांगती कुणाला? लेबल काड्यापेटीएवढं!

शेवटाला सयाजी म्हणाला, एक राहिलंच, गिऱ्हाइकाला तक्रार करायला एक नाव आणि फोन नंबर लागतोय, कायदाच हाय. तुम्हाला सांगतो, दीर लगेच गॉगल पुसाय लागला. आक्कांना एकदम देवपूजा आठवली. मग अमरसिंहच म्हणाला, "संयोगिताचं टाका की." सगळ्यांनी माना हलवल्या. आता झाली बघा जागा! काड्यापेटीवर झाली!

परवा कागलच्या एका बाईंचा फोन आला. हाताच्या भेगा गेल्या म्हणाल्या, असला साबण आजवर लावला न्हाय, करणाऱ्या अमरसिंह साहेबांना माझा नमस्कार सांगा.

संयोगितानं हात पदराला पुसला आणि म्हणाली, "सांगतो की. आणि तक्रार काय असली, तर तेवढी मला सांगा."