नमुन्याचा विग

विशाखापट्टणमला आयकर अपिलाच्या दालनाबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर विगचे कारखानदार वीर्राजू आणि त्यांच्या वकीलबाई बसले होते.

"नुसतं धुणं-विंचरणं म्हणजे उत्पादन नव्हे, राजूगारू. तसं असतं तर न्हावीसुद्धा कारखानदार ठरला असता. मूळ वस्तू संपून नवी झाली, तरच करात सूट."

"विग नवीच वस्तू की, मॅडम."

"मग आत ठासून सांगा. बायकांनी नवसाला देवळात दिलेले केस संपले, आता उरला तो विग."

"तसं शपथेवर नाही सांगता येणार."

"का हो?"

"गोदामातले विग आम्हाला दर महिन्याला कापावे लागतात. वाढतात."

"काहीतरीच तुमचं. नमुन्याचा विग आणलात ना?"

"आणलाय. घरून निघताना या पिशवीची चेन लागत होती."