लाल कापडाचा माणूस

या, जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. टिटवाळ्याच्या देवळात कीर्तनाला बुवा यायचे होते. माझ्यापुढे बहीण-भाऊ बसले होते.

“हेमाताई, दादानं कॅम्पातल्या सोल्जरांच्या रद्दीतून आणलेलं चित्रांचं पुस्तक आठवतं?”

“ते उडतं भूत! मी उशीखाली डोकं घालायचे.”

“काल मी ते वाचलं. अगं, तो भूत नाहीच. लोकांना वाचवणारा शूर माणूस आहे. दादाला इंग्रजी कुठं येत होतं? चित्रं बघून भुताची गोष्ट रचली त्यानं.”

“गप्प बस, श्रीपाद.”

“पण खरं सांगतो…”

“दादा म्हणायचा, भुताच्या पाठीवरचं कापड तिरडीवरचं आहे, रक्तानं लाल झालेलं. मेलाय, म्हणून पाय जमिनीला टेकत नाहीत. घरच्यांनी नाव घ्यायचं सोडलं की विरून जाणार. म्हणून खिडकीशी येऊन ऐकत राहतो.”

“हो.”

“दादा गेल्यापासून आई त्याचं नाव काढू देत नाही. मी दिवा लावताना हळूच घेते. तू घेतोस?”

“नाही.”

“मग तुझी खरी गोष्ट मला नको.”

श्रीपादनं देवळाच्या खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

“विश्रामदादा!”

“अरे, हळू! लोक बघतायत.”

“त्याला ऐकू जायला हवं ना.”

तेवढ्यात बुवा आले. तुम्ही आज दिवा लावाल, तेव्हा देवाबरोबर विश्रामचंही नाव घ्या.