येसबाचं कमळ

मंडळी, आज नमनाला घडाभर तेल नको. एकच विचारतो — देवाला काय पोचतं हो? सरळ रेघ, की ती ओढणारा हात? माना नुसत्या डोलावू नका, आधी ऐका!

येसबा सुतार. डोळे काचबिंदूनं गेलेले, काम कधीच सुटलेलं. पण देवळातल्या पोथीसाठी पेटी करायची ठरली, आणि म्हातारा मुलाला म्हणाला, "शिवा, पेटी तू कर. झाकणावरची नक्षी तेवढी माझी!"

शिवणीचं लाकूड, मऊ. डावा अंगठा टेकवायचा, त्याच्या कडेनं चाकू तिरपा दाबायचा — टुच्! — कपची उडाली की पाकळी झाली. बोटानं चाचपायची, गालात हसायचं, पुढची घ्यायची. बोटं कापली हो! चिंध्या बांधल्या, पण कमळ पुरं केलं. आता आंधळ्याचं कमळ ते — एक पाकळी नवरीच्या नाकासारखी, शेजारची तिच्या सासऱ्याच्या! हसा, हसा! येसबा मात्र सुखावला होता. म्हणाला, "देवळात पोथी ठेवताना अजून एकदा हात फिरवीन."

आणि शिवानं काय केलं? "लोक हसतील! सुताराच्या घरची पेटी, अन् असली नक्षी?" दुपारी म्हातारा कलंडलेला बघून — रंधा मारला! अरे, बापाच्या कमळावर रंधा! सगळ्या पाकळ्या ढलप्यांत! वर पॉलिश! अरे, आईची भाकरी वाकडी झाली म्हणून ताट परत ढकललं होतंस का कधी? संताप होतो सांगताना!

देवळात ही गर्दी. "वा शिवा, काय चकाकी!" येसबाला पुढं आणलं. हात झाकणावर गेला. कडेपर्यंत फिरला, परत मधे आला. पुन्हा फिरला. आणि म्हातारा हळूच म्हणतो, "शिवा... झाकण उलटं बसवलंस का रे पोरा?"



राग आला ना? कुणाचा, शिवाचा? वा रे वा! पाहुण्यांसमोर आई बोलायला लागली की "तू आत जा गं" कोण म्हणतं? बापानं अंगणात लावलेली जाई गाडीला आड येते म्हणून कोण तोडतं? घरोघर रंधे आहेत, मंडळी, आणि धार लावलेले आहेत!

टाळ राहू द्या खाली. घरी जा. म्हाताऱ्याचा हात हातात घ्या, आणि त्यानं विचारायच्या आधी सांगा — काय काय घासून टाकलंत ते! मग खुशाल देवाचं नाव घ्या.